तेराचा पाढा

अभिजितची वाचा गेली ती एका साध्या मंगळवारी, ऑफिसच्या कँटीनमध्ये, ताटातली कढी संपायच्या आत. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. सोबतच्यांनी वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला. उजवा पाय दीड-दोन महिन्यांत ताळ्यावर आला, हातही बराचसा सुधारला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समोरच्याचं सगळं त्याला समजायचं, उत्तर डोळ्यांत तयार दिसायचं, पण ओठांपर्यंत येता येता ते वाटेतच कुठेतरी सांडून जायचं.

मग काही आठवड्यांनी त्याला पहिले शब्द फुटले, आणि ते निघाले गुजराती. विजयमालाबाई, म्हणजे अभिजितच्या आई, त्याच्या उशाशी बसून नेहमीसारख्या विचारत होत्या, "बाळा, आज कसं वाटतंय रे?" त्याने मान वळवली, तोंड वेडंवाकडं केलं आणि स्पष्ट म्हणाला, "सारुं छे."

मुग्धाने, त्याच्या बायकोने, आनंदाने उडीच मारली. विजयमालाबाई मात्र पदर डोळ्यांना लावून बाहेर गेल्या. सबनीसांच्या घरात उंबऱ्याच्या बाहेर गुजराती आणि आत मराठी हा पणजोबांपासूनचा रिवाज. ते संस्थानाच्या दफ्तरात नोकरीला होते, तेव्हापासून घराने बडोद्यात राहून मराठी सांभाळली होती. "मी याला बोलायला शिकवलं गं," त्या रात्री मुग्धाला म्हणाल्या, "आणि हा मला पाहुण्यासारखं 'सारुं छे' म्हणतो."

स्पीच थेरपिस्ट बाईंनी समजूत घातली. एकाहून जास्त भाषा येणाऱ्या माणसाची कुठली भाषा आधी परत येईल याचा भरवसा नसतो, यात कुणावर प्रेम कमी-जास्त असण्याचा संबंध नाही, असं त्या म्हणाल्या. मुग्धाला त्यांनी आणखीही एक गोष्ट बजावली. "त्यांची वाक्यं तुम्ही पुरी करू नका. कितीही वेळ लागला तरी थांबा."

मुग्धाने मान डोलावली. पण थांबणं सांगण्याइतकं सोपं नव्हतं. दुकानात मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली असायची. फोनवरचा माणूस "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायचा. शेजारी काळजीने विचारायचे आणि अभिजित एका अक्षराशी झटापट करत असताना त्यांचे चेहरे इतके केविलवाणे व्हायचे, की मुग्धालाच राहवायचं नाही. मग ती पटकन बोलून टाकायची. हळूहळू तिला ते छान जमायला लागलं. त्याच्या भुवईवरून तिला कळायचं, चहा हवाय की पंखा बंद करायचाय. वर्ष उलटेपर्यंत ती त्याची जीभच होऊन बसली. आणि त्याने प्रयत्न करणं कधी सोडून दिलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर मुकुंद आला. मुकुंद हा अभिजितचा शाळेपासूनचा दोस्त, छाणीला त्याचं वर्कशॉप होतं. दोघांनी मिळून कितीतरी वर्षं रविवारी माणसं जमवून डोंगर पालथे घातले होते, जांबुघोडा, रतनमहाल आणि सगळ्यांत जास्त वेळा पावागड. यात्रेकरू रोपवेने वर जाऊन देवीचं दर्शन घेतात तो पावागड नव्हे. माचीवरून रानात शिरणारी, दरीच्या कडेकडेने जाणारी वाट त्यांची. त्या वाटेवर पुढारी नेहमी अभिजित असायचा.

"या रविवारी जातोय आम्ही," मुकुंद म्हणाला. "अभ्या, तू येणार."

अभिजितच्या चेहऱ्यावर काहीतरी लकाकलं.

"अरे, त्याला झेपेल का?" मुग्धा म्हणाली. "आणि वाटेत काही लागलं, दुखलं, तर सांगणार कसा तो?"

"तर तुम्ही पण चला ना, वहिनी."

एवढ्या वर्षांत मुग्धा एकदाही गेली नव्हती. रविवार हा तिचा घरातला दिवस. पण त्याला एकट्याला पाठवायची तिची हिंमत होईना. शेवटी आईंनी पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि मुग्धा नवे कोरे बूट घालून निघाली.

मंडळी पाचच होती. अभिजित आणि मुग्धा, मुकुंद आणि त्याची बायको कौमुदी, आणि बडोद्यातल्याच हरणी भागातले हेमांगभाई, निवृत्त बँकवाले, गडगडाटी हसणारे. मुकुंदची गाडी पायथ्याशी चांपानेरला ठेवून सगळे एसटीने माचीवर गेले. तिथली गर्दी, नारळ-चुनरीची दुकानं, लाउडस्पीकर मागे टाकून ते एका पडक्या भिंतीच्या बाजूने रानात उतरले, आणि दार लोटून घ्यावं तसा सगळा गलबला थांबला.

मुग्धाला वाटलं होतं, डोंगर म्हणजे नुसती चढण. इथे तर साग होता, मोह होता, बांबूची बेटं होती. सागाची मोठाली पानं पापडासारखी कडकडत बुटांखाली चुरत होती. वाट एका बाजूला रानाला धरून चालली होती, आणि दुसऱ्या बाजूला मधूनच झाडी फाटायची अन् जमीनच संपायची. खाली विश्वामित्रीची दरी, काळ्या कातळाचे सरळसोट कडे, आणि तळाशी झाडांच्या शेंड्यांमधून पाण्याची एक बारीक चमक. घराजवळच्या पुलावरून ती रोज जी गढूळ नदी ओलांडायची, ती ही. इथे ती ओढ्याएवढीच होती.

अभिजित पुढे होता. त्याचं चालणं पाहून मुग्धा थक्क झाली. घरात पाय किंचित ओढणारा हा माणूस इथे दगडांवर नेमका पाय टाकत होता. मध्येच थांबून एखाद्या बुंध्यावर हात ठेवायचा, वर बघायचा.

एका ठिकाणी वाटेला फाटे फुटले. "अभ्या, डावी की उजवी?" मुकुंदने विचारलं.

अभिजितने तोंड उघडलं. "उ... उ..."

"उजवीकडून जाऊ या म्हणतोय," मुग्धा म्हणाली.

अभिजितने मान हलवली. त्याला उजवी नको होती. तो "उतार" म्हणत होता, उजवीकडे उतार फार आहे म्हणून. हे मुकुंदला त्याच्या हातवाऱ्यांवरून कळलं आणि सगळे डावीकडे वळले. मुग्धा हसून म्हणाली, "चुकलं माझं." अभिजित हसला नाही.

तासाभराने ते कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या एका जुन्या कमानीपाशी पोहोचले. कमानीच्या आत उभं राहिलं की सगळी दरी एका चौकटीत बसल्यासारखी दिसे. समोरचा कडा उन्हात तांबूस झाला होता. त्यापलीकडे सपाट मुलूख, शेतांचे तुकडे आणि धुरकट क्षितिज. कौमुदीने डबे उघडले. हेमांगभाईंनी दशमीचा घास घेत विचारलं, "अभिभाई, पेलुं शुं देखाय छे? तळाव छे के?" दूरवर काहीतरी चमकत होतं, तिकडे बोट दाखवून ते तळं आहे का असं ते विचारत होते.

अभिजित उठून पुढे आला. त्याने हात लांब केला. "आ... आ तो..."

"तळावज छे," मुग्धा म्हणाली. "केवढं मोठं आहे ना!"

अभिजितने हात खाली घेतला. तिच्याकडे वळून, एकेक शब्द दगडासारखा उचलत म्हणाला, "तुं... ना... बोल."

हेमांगभाईंनी घाईघाईने चटणीचं कौतुक केलं. मुकुंद उठून बाटल्या गोळा करायला लागला. मुग्धाच्या कानशिलांपर्यंत गरम रक्त चढलं. चारचौघांत, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच पुरं वाक्य बोलला, आणि ते असं.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "माझा बूट चावतोय, पट्टी लावून आलेच."

पावलं दूर गेली. मुग्धा कमानीच्या पायरीवर बसून राहिली. वर्षभर आपण किती बोललो, कुणाकुणाशी, कशाकशासाठी! विमा कंपनीशी भांडलो, त्याच्या साहेबांना गोड बोललो, नातेवाइकांना तेच तेच सांगून घसा सुकला. आणि त्याला वाटतं आपण गप्प बसावं. तिला रडू आलं. रडता रडता तो फाट्यावरचा "उतार" आठवला आणि मनाला टोचला. त्याला उतार म्हणायचं होतं. असे आणखी किती शब्द आपण त्याच्या तोंडून काढून घेऊन भलतेच ठेवले असतील?

डोळे पुसून ती उठली. वाट समोर दिसत होती, म्हणून चालायला लागली. ती गुरांची वाट आहे हे तिला कळणं शक्य नव्हतं. थोडं चालल्यावर बांबूचं बेट लागलं, मग डोक्याएवढं वाळलेलं गवत. पुढची माणसं दिसेनात, बोलणंही ऐकू येईना. ती भराभर चालली. गवत अचानक संपलं आणि तिच्या बुटापुढे दोन हातांवर नुसती हवा होती.

ती झटकन मागे सरली, घसरली आणि बसली. एक धोंडा सुटून खाली गेला. तो आपटल्याचा आवाज येईपर्यंत तिने श्वास घेतला नाही.

मोबाइलला रेंज नव्हती. ती परत फिरली, पण आलेली वाट गवतात कुठे मिटली ते सापडेना. इकडे गेली तर काटेरी करवंदी, तिकडे गेली तर पुन्हा कडा. तिने जिवाच्या आकांताने हाक मारली. "अभीऽऽ!" समोरच्या कड्याने ती हाक जशीच्या तशी तिला परत दिली.

बऱ्याच वेळाने हाका ऐकू आल्या. "वहिनीऽऽ!" "मुग्धाऽऽ!" "मुग्धाबेऽऽन!" पण त्या चहूकडून येत होत्या. एक डावीकडून, एक पाठीमागून, एक चक्क दरीच्या पलीकडून. कुठली खरी आणि कुठली कड्यावर आपटून आलेली, काही कळेना. ती एका हाकेच्या रोखाने धावली आणि पुन्हा कड्याशीच येऊन थांबली. एका सागाच्या बुंध्याला पाठ लावून ती खाली बसली.

आणि हाका एकदम थांबल्या. सगळ्याच. रान असं गप्प झालं की तिला वाटलं, आपल्याला सोडून गेले की काय.

मग एक आवाज आला. खडबडीत, वापरात नसलेल्या दारासारखा करकरणारा.

"तेरा एके तेरा!"

मुग्धाला वाटलं, आपल्याला भास होतोय.

"तेरा दुणे सव्वीस! तेरा त्रिक एकोणचाळीस!"

तो अभिजित होता. मराठीत. ओरडून पाढा म्हणत होता. लहानपणी आईने म्हणून घेतलेला, दिवेलागणीला, त्याच हेलकाव्यात.

"तेरा चोक बावन्न!" डावीकडून आलं आणि पाठोपाठ समोरच्या कड्यातून फक्त "...वन्न" आलं. मुग्धा उठून उभी राहिली. "तेरा पाचा पासष्ट!" डावीकडून पुरं वाक्य, पलीकडून नुसतं शेपूट. नुसत्या नावाच्या हाकेत हे कळत नव्हतं. पाढ्यात लख्ख कळत होतं. पुरा आवाज जिथून येतोय तिथे माणूस आहे, आणि शेपूट येतंय तिथे दगड.

"ओऽऽ!" तिने ओरडून सांगितलं. "आले! मी येतेय!"

तिने डावीकडे गवतात पाऊल घातलं. आवाज जागचा हलत नव्हता. तेरा संपला की चौदा सुरू होई, चौदा संपला की पुन्हा तेरा. काट्यांनी ओढणी धरली, तिने ती तशीच सोडून दिली. बांबूचं बेट वळसा घालून ओलांडलं. जोरात हसावंसं वाटत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईंनी हे ऐकायला हवं होतं, असं तिला सारखं वाटत राहिलं.

झाडी विरळ झाली आणि कमान दिसली. तो कमानीत उभा होता, तिच्याकडे पाठ करून, दरीकडे तोंड, एक हात दगडावर टेकलेला. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. जवळ दुसरं कुणी नव्हतं.

"तेरी सक अठ्ठ्याहत्तर! तेरी साती... तेरी साती..."

तो अडला. आत्तापर्यंत पाढा आपोआप वाहत होता, आता कुठेतरी दगड आला. त्याने पुन्हा सुरुवात केली. "तेरी साती..." खांदे वर चढले. मूठ दगडावर आपटली.

मुग्धाच्या ओठांवर एक्याण्णव येऊन ठेपलं. श्वासही भरून झाला. तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.

वारा आला आणि सागाची पानं खडखडली. ती उभी राहिली. त्याची मान खाली गेली, पुन्हा वर आली. वर्षभरात अशा क्षणी ती कधी थांबलीच नव्हती. शब्द सापडायला त्याला किती वेळ लागतो, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. लागत होता, खूप लागत होता. पण तो काही रिकामा उभा नव्हता. आत कुठेतरी एकेक दार ठोठावत चालला होता.

"...एक्याण्णव!" त्याने अशी आरोळी ठोकली की वरच्या फांदीवरून दोन वानरं उड्या मारत पळाली. "तेरी साती एक्याण्णव!"

"तेरी आठी?" मुग्धाने मागून हळूच विचारलं.

तो गर्रकन वळला. तिच्याकडे पाहतच राहिला. केसांत गवत, गालावर ओरखडा, ओढणीचा पत्ता नाही. "मुद्दा!" तो म्हणाला. तिचं नाव त्याच्या तोंडून आजारपणापासून असंच यायचं, आणि आजही तसंच आलं. मग त्याने तिला असं घट्ट धरलं की तिच्या पाठीवरच्या पिशवीतली बाटली बरगडीत रुतली.

मुकुंद, कौमुदी आणि हेमांगभाई वेगवेगळ्या वाटांनी धापा टाकत परतले. "आम्ही सगळे बोंबलत सुटलो होतो," मुकुंदने सांगितलं. "यानेच माझ्या तोंडावर हात ठेवला, वहिनी. सगळ्यांना गप्प केलं आणि खुणेने सांगितलं, तुम्ही शोधा, ओरडू नका, ओरडणारा एकच पाहिजे आणि तोही एका जागी. तुमचं नाव घ्यायला गेला, ते काही जमेना. दोन-तीनदा नुसता घोगरा आवाज निघाला. मग एकदम हे पाढे सुरू झाले. आम्ही जागच्या जागी चाट!"

"अमने तो कोईए आवुं शिखव्युं नहि!" आपल्याला असं कुणी शिकवलंच नाही, असं म्हणत हेमांगभाई गडगडाटी हसले. मग डोळे पुसले.

मुग्धा अभिजितशेजारी पायरीवर बसली. "मघाशी तू तळ्याबद्दल काय सांगत होतास?" तिने विचारलं आणि ओठ मिटून घेतले.

त्याने दूरवर पाहिलं. बराच वेळ गेला. कौमुदी काही बोलणार होती, मुकुंदने तिच्या हाताला हात लावला. "तळाव... नथी," तो शेवटी म्हणाला. "कांच. कांचनुं... खेतर." आणि तळव्याने हवेत सपाट, तिरक्या फळ्या मांडून दाखवल्या.

सगळ्यांनी निरखून पाहिलं. खरंच, पाणी नव्हतंच ते. कुणाच्या तरी शेतात मांडलेल्या सौरऊर्जेच्या काचेच्या पाट्या उन्हात लखलखत होत्या.

माचीवर आल्यावर रेंज आली आणि लगेच फोन वाजला. आई होत्या. मुग्धाने फोन कानाला नेता नेता थांबून अभिजितच्या हातात दिला. तो दचकला. पलीकडून आई "हॅलो, मुग्धा? हॅलो?" करत होत्या. "मी," अभिजित म्हणाला. आणि मग बऱ्याच वेळाने, "येतो." मग आणखी बऱ्याच वेळाने, "आई." शेवटी आईंचा आवाज आला, जरा जडच, "दशम्या पुरल्या का रे?"

चहाच्या टपरीवरही मुग्धा मुद्दाम पाठ फिरवून माकडं बघत उभी राहिली. पाच चहा सांगायला अभिजितला इतका वेळ लागला की टपरीवाल्याने मधेच दोन गिऱ्हाईकं उरकली, आणि चहा आले ते सात. हेमांगभाईंनी तीन प्याले.

परतीला हेमांगभाई पुढे बसले आणि हालोल यायच्या आत घोरायला लागले. मागच्या सीटवर कौमुदी खिडकीला डोकं टेकून, मध्ये मुग्धा, पलीकडे अभिजित. ऊस लादलेला एक ट्रॅक्टर मागे पडला तेव्हा त्याने तिच्या हाताला हात लावला. "मला," तो म्हणाला.

मराठीत म्हणाला. मुग्धा गप्प राहिली.

टोलनाका गेला. "वाटलं," तो म्हणाला.

मुकुंदने आरशातून पाहिलं आणि रेडिओ बंद केला. रस्त्याकडेच्या कारखान्यांचे दिवे लागायला लागले होते. हेमांगभाईंना हरणीला उतरवलं. मुग्धाच्या डोक्यात वाक्याचे दहा शेवट तयार झाले होते. मला वाटलं तू पडलीस. मला वाटलं माझंच चुकलं. मला वाटलं आता काय करू. तिने एकेक बाजूला सारला. तिला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसणं आज तिला बरं वाटत होतं.

समा भागातल्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकासमोर गाडी थांबली तेव्हा वाक्य अर्धंच होतं. "मला वाटलं... आता..." मुकुंदने इंजिन बंद केलं. दार मात्र उघडलं नाही. कुणीच उतरलं नाही. वॉचमन एकदा वाकून बघून गेला.

"आता... भांडू..." अभिजितच्या कपाळावर घाम आला होता. त्याने डोळे मिटले, उघडले. "कुणाशी?"

मुग्धाने त्याचं बोलणं संपल्याची खात्री करून घेतली.

"माझ्याशी," ती म्हणाली. "रोज भांड. आणि पुढच्या रविवारी कुठे जायचं ते तूच ठरव."

"रतन..." अभिजित म्हणाला, आणि तिघंही पुन्हा थांबले.